वरचा दोरा, खालचा हात

आमच्या भरतकामाच्या चौकटीच्या डाव्या कडेला एक खिळा आहे. ह्यांनी त्याला जरीचा दोरा तीन वेढे देऊन अडकवला आणि ‘तपकिरी रेशीम संपलंय, घेऊन येतो,’ म्हणून चपला घातल्या. मी उत्तर दिलं नाही. आमचं भांडण चालू होतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हे पोचलेच नाहीत.

ते तीन वेढे मी सव्वा महिना सोडले नव्हते. खोली रोज झाडत होते. चौकटीवर घातलेली चादर झटकून परत घालत होते. ह्यांचा चष्मा डबीत ठेवला, शर्ट धुऊन घड्या घातल्या, औषधं टाकून दिली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मीही म्हटलं, असेन बुवा. फक्त त्या खिळ्याला हात लावला नाही.

आमचं काम काय ते आधी सांगते. जर, म्हणजे जरीचा दोरा, जाड असते. सुईत ओवून कापडातून खालीवर काढली तर तिचा मुलामा सोलवटतो आणि हातात नुसतं सूत उरतं. म्हणून जर कापडावर ठेवायची, नक्षीच्या रेघेवर, आणि बारीक रेशमाने ठरावीक अंतरावर तिच्यावरून टाका घालून तिला जागच्या जागी धरून ठेवायची. पुस्तकांत ह्याला काहीतरी भारदस्त नाव असेल. आम्ही नुसतं ‘बांधणं’ म्हणतो.

एकट्या माणसालाही हे येतं, पण आमच्या सासऱ्यांच्या पद्धतीत दोघं लागायची. एक जण वर जर धरणार, तिला ताण देणार, वळणावर वळवणार. दुसरा समोर बसून बांधणार, त्याचा एक हात कापडाच्या वर आणि एक खाली. हे जर धरायचे आणि मी बांधायची. तीस वर्षं आम्ही ह्याच दोन स्टुलांवर बसलो.

सासऱ्यांचा आणखी एक नियम होता. वेल कितीही लांब असो, जर मध्ये कापायची नाही. एक वेल, एक दोरा. तो कापडात दोनदाच शिरणार, सुरुवातीला आणि शेवटी. शेवटी वरचा माणूस मोठ्या नेढ्याच्या सुईतून टोक खाली सोडतो आणि म्हणतो, ‘घे.’ बांधणाऱ्याने खालच्या हाताने ते पकडायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ‘घेतलं.’ हा शब्द कानावर पडेपर्यंत वरच्याने जर सोडायची नाही. सोडली तर शेवटचं वळण उसळतं आणि सगळी मेहनत पाण्यात. नवी नवरी असताना मी एकदा नुसतं ‘हं’ म्हणाले. सासरे म्हणाले, ‘हं म्हणजे काय? घेतलं, का ऐकलं?’ आणि जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मुंगी चावली तरी मी ‘घेतलं’ म्हणत असे.

चौकटीवर होतं ते नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं काम. पडद्याच्या मधोमध बसवायचं एक मोठं वर्तुळ, दोन्ही हात पसरले तर जेमतेम कवेत मावेल एवढं. त्यात एकच वेल, बाहेरून आत वळत वळत जाणारी. अठ्ठावीस पानं आणि अगदी मध्ये कळी. सत्तावीस पानं झाली होती. अठ्ठाविसावं अर्धं झालं होतं. तिथून जर निघून खिळ्याला गेली होती.

आता भांडणाचंही सांगून टाकते, कारण त्यातच सगळं आहे.

त्या दिवशी हे म्हणाले, ‘तुझे टाके लांब पडायला लागलेत. गव्हाच्या दाण्याएवढं अंतर हवं, इथे शेंगदाणा मावेल. डोळे दाखवून घे.’

माझ्या टाक्यांना कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मी म्हणाले, ‘माझ्या डोळ्यांचं मी बघते. तुम्ही तुमच्या हाताचं बघा. सकाळपासून थरथरतोय.’

थरथरत होता की नव्हता, हे मला आता खरंच आठवत नाही. तेव्हा मी लागावं म्हणून बोलले होते. ह्यांनी हात एकदा बघितला आणि परत जर धरली. मग मी टाके घातले ते असे करकचून, की प्रत्येक ठिकाणी जर कमरेत बारीक झाली. अकरा टाके. एरवी मी असं केलं की हे म्हणायचे, ‘अगं, चोर नाही बांधायचा.’ त्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. अकराव्या टाक्याला माझं रेशीम संपलं, आणि हे उठले.

ते अकरा टाके चादरीखाली होते. मला ते चादरीतूनही दिसत होते.

नाट्यगृहाचे मॅनेजर आले ते ह्यांना जाऊन सव्वा महिना झाल्यावर. सज्जन माणूस. ‘बसा’ म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर बसला, चहा समोर ठेवला तर दोन घोट घेऊन कपाकडेच बघत राहिला.

‘मी विचारलं नसतं,’ ते म्हणाले, ‘पण उद्घाटन एकवीस तारखेला आहे. पडदेवाल्याला हे वर्तुळ दोन दिवस आधी हवं. तुम्हाला होणार नसेल तर तसं सांगा, कोणी काही म्हणणार नाही. मशीनवाला तयार आहे. तो म्हणतो, शेवटचं पान उसवून टाकू, तिथून पुढे तयार दोरी चिकटवू. लांबून काय कळणार?’

‘कोणतं पान उसवणार?’

‘शेवटचं. ते अर्धवट आहे ना.’

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. पान गेलं की अकरा टाकेही गेले. कोणी बघणार नाही, मलाही बघावे लागणार नाहीत. आणि लगेच कळलं, की त्याच कात्रीखाली ह्यांनी धरलेली शेवटची रेघ जाणार. ह्यांच्या हाताचा ताण असलेली ती शेवटची वीतभर जर. ती एकदा गेली की जगात कुठे मिळणार नाही.

‘कात्री लावायची नाही,’ मी म्हणाले. ‘आज दहा तारीख. एकोणीसला या. येताना पोटात भूक घेऊन या, हा चहा असाच टाकून चालणार नाही.’

मॅनेजर गेल्यावर मी चादर काढली. त्याच दुपारी तपकिरी रेशीम आणलं आणि चष्म्याच्या दुकानातही जाऊन आले. नंबर वाढला होता. दोन दिवसांनी नवा चष्मा आला. तो लावून वर्तुळ बघितलं तर पंचविसाव्या पानापासून माझे टाके लांब पडले होते. शेंगदाणा नाही, पण गव्हाचे दोन दाणे आरामात. हे खरं बोलत होते. पण तसं ज्यांना सांगायचं तेच आता घरात नव्हते.

मग मी एकटीने करून बघायचं ठरवलं. खिळ्याचे वेढे तसेच ठेवले आणि जुन्या कापडावर, जुन्या जरीने सराव केला. डाव्या हाताने जर धरायला गेले तर खालून सुई परतवायला हात उरेना. जर दगडाखाली दाबून ठेवली तर वळणावर तिने पीळ सोडला. तीस वर्षं ह्यांच्या समोर बसून त्यांचा हात बघितला आणि तो हात काय करतो ते मला ठाऊकच नव्हतं. मी माझ्या टाक्यांकडे बघत होते. दोन दिवस गेले आणि सरावाच्या कापडावर अळ्या फिरल्यासारखी रेघ झाली.

जर धरता येणारं दुसरं माणूस एकच होतं. वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सासऱ्यांनी त्यांना दोन्ही जागांचं काम शिकवलं होतं, पण मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा बांधणाऱ्याच्या स्टुलावर त्या बसायच्या. दोन महिन्यांत सासऱ्यांनी त्यांना उठवलं आणि मला बसवलं. का, ते सांगितलं नाही. वन्संनी त्या दिवसापासून चौकटीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. घरी यायच्या, स्वयंपाकघरात बसायच्या, माझ्या चहाला नावं ठेवायच्या आणि निघायच्या. पुढे कोट शिवणाऱ्या एका शिंप्याकडे त्यांनी काजं करायचं काम धरलं ते आजतागायत. हे गेले तेव्हा चार दिवस माझ्याजवळ राहिल्या, मला बळजबरीने जेवायला घातलं, रात्री माझ्या शेजारी झोपल्या. पण त्या खोलीच्या दाराशी आल्या की वळायच्या. मी त्यांची जागा घेतली, असं त्यांच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं. मी कधी त्यांच्याकडे काही मागायला गेले नव्हते.

चौदा तारखेला गेले. शिंप्याच्या दुकानात खिडकीशी वन्सं बसल्या होत्या, मांडीवर काळा कोट, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर काज.

‘वन्सं, काम अडलंय.’

‘माहितीये.’ त्यांनी मान वर केली नाही. ‘मॅनेजर कोट इथेच शिवून घेतात. बाईंचा चहा कडक असतो म्हणाले.’

‘याल का?’

‘कुठल्या जागेवर?’

‘वरच्या.’

वन्संनी काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. सासऱ्यांसमोर असं केलं असतं तर घरात भूकंप झाला असता. मग त्यांनी हात माझ्यापुढे केला. बोटांचे सांधे सुजलेले होते.

‘ही बोटं बघ. आणि तीस वर्षांत जरीला हात नाही लावलेला.’

‘तुम्हाला नाही जमलं तर कोणालाच नाही जमणार.’

‘लोणी लावू नकोस, तुला शोभत नाही.’ त्यांनी दुसरं काज घेतलं. त्याला चार टाके घातले. शिंपी कात्री चालवायचा थांबून आमच्याकडे बघायला लागला. शेवटी म्हणाल्या, ‘उद्या दहाला येते. चहा मी करीन.’

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना त्या आल्या. दाराशी थबकल्या, एकदा उंबऱ्याकडे बघितलं आणि आत आल्या. खोलीत फारसं काही बदललेलं नव्हतं. खिडकी, चौकट, मेणाची वडी, दोन स्टुलं. ह्यांच्या स्टुलावर त्या एकदम बसल्या नाहीत. आधी चादर काढली आणि बाहेरच्या वळणापासून वेलीवर बोट फिरवत निघाल्या. न टेकवता, केसभर वरून. मी समोर उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

‘इथे दादा खोकला असणार,’ एके ठिकाणी म्हणाल्या. धाकट्या भावाला त्या लाडाने दादा म्हणायच्या. ‘इथे तू बडबडत होतीस.’ सातव्या पानापाशी थांबल्या. ‘हे वळण बाबांसारखं काढलंय.’ पंचविसाव्या पानापाशी त्यांनी माझ्या नव्या चष्म्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, ह्याचे मी आजही उपकार मानते.

मग बोट अठ्ठाविसाव्या पानावर आलं आणि थांबलं.

मी आधीच बोलून टाकलं. ‘ते टाके माझे आहेत. भांडण झालं होतं. मी रागाने आवळले आणि हे गेले. वन्सं, मला ते अकरा टाके उसवायचेत. उसवून नीट घालते, मग पुढचं करू. असे नाही ठेवायचे मला. माझा राग असा पडद्यावर टांगून नाही ठेवायचा.’

मला माझी चीड आली.

‘उसवलंस तरी जरीवर खुणा राहणार.’

‘राहू देत.’

‘थांब जरा.’ वन्संनी खाली वाकून गाल जवळजवळ कापडाला लावला आणि डोळा बारीक करून पानाच्या बाजूने बघितलं. ‘इकडे ये. असं बघ, आडवं.’

मी बघितलं. दोन टाक्यांच्या मध्ये जर किंचित उचललेली दिसत होती. पुढच्या दोन टाक्यांच्या मध्ये तेवढीच. त्याच्या पुढेही तेवढीच.

‘फुगलीये,’ मी म्हणाले. ‘माझ्या आवळण्याने.’

‘तीस वर्षं बांधतेस आणि एवढं कळत नाही? आवळण्याने फुगत नाही ती. टाका आवळला की जर आणखी मागते. वरच्याने नाही दिली तर ती कापड ओढून घेते. दोघांनी ओढलं की कापडाला चुण्या पडतात. कुठे आहेत चुण्या? दाखव.’

मी कापडावर हात फिरवला. कापड सपाट होतं.

‘तू आवळत होतीस आणि तो देत होता,’ वन्सं म्हणाल्या. ‘प्रत्येक टाक्याला केसभर. अकराच्या अकरा वेळा. कळत होतं त्याला, तू रागावलीयेस ते. त्याला रागवायचं असतं तर त्याने नुसतं धरून ठेवलं असतं, आणि हे पान आज चुरगळलेलं दिसलं असतं.’

मी स्टुलावर बसले. सव्वा महिना खंबीर असलेली बाई पाच वर्षांच्या पोरीसारखी रडली. वन्संनी मला उगी केलं नाही. कापडावर पाणी पडू नये म्हणून चौकट तेवढी बाजूला सरकवली.

मी नाक पुसल्यावर त्या म्हणाल्या, ‘माझ्याशी नाही असं वागायचा. मी आवळलं की तोही ओढायचा. दोघंही हट्टी. एकदा एक अख्खं पान चुरगळलं, बाबांनी दोघांना ते उसवायला बसवलं, तर उसवतानाही आम्ही भांडलो. मग तू आलीस. बाबांनी तुलाही अधूनमधून बसवून दोन महिने बघितलं आणि मला म्हणाले, तुझ्यासमोर तो ओढतो, हिच्यासमोर देतो. तू ऊठ.’

‘हे मला कोणी सांगितलं नाही.’

‘मीच सांगू नका म्हटलं होतं. तू जागा बळकावलीस असं म्हणणं सोपं होतं मला.’ त्या ह्यांच्या स्टुलावर बसल्या. ‘तुझा चहा काही एवढा वाईट नसतो.’

मग त्यांनी खिळ्याकडे हात नेला आणि माझ्याकडे बघितलं. ‘सोडू?’

मला नको म्हणायचं होतं. ‘सोडा,’ मी म्हणाले.

त्यांनी तीन वेढे सोडले. वेढ्यांच्या जागी जर वाकली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरून हळूहळू सरळ केली. मी रेशमाला मेण लावलं, सुई ओवली आणि अकराव्या टाक्याच्या पुढे, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, बारावा घातला. ते अकरा आम्ही तसेच ठेवले.

पान पुरं व्हायला दोन दिवस लागले. वन्संचा ताण ह्यांच्याहून जास्त होता. पहिल्या दिवशी तीनदा कापड ओढलं गेलं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, ‘वन्सं, चोर नाही बांधायचा.’ त्या चमकल्या. मग म्हणाल्या, ‘हे बाबांचं वाक्य.’ मला ते ह्यांचं वाटत होतं. त्यानंतर मी जरा सैल घातलं, त्यांनी जरा सैल धरलं. कधी मी घाई केली की त्या हात थांबवायच्या, कधी त्यांची बोटं आखडली की मी सुई खाली ठेवून पाणी आणायला जायची. त्यांना विश्रांती हवी असं कोणी म्हणायचं नाही, एवढं मला कळत होतं. एकदा पाणी घेऊन परत आले तर त्या ह्यांची जुनी टोपी हातात घेऊन बसल्या होत्या. मी परत स्वयंपाकघरात गेले आणि पेला पुन्हा एकदा धुतला.

कळीला आणखी दोन दिवस. कळी म्हणजे जर स्वतःभोवती फिरत आत आत जाते, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला चिकटून. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा राहते आणि तिथे दोरा संपवायचा. अठरा तारखेला दुपारी तीन वाजता आम्ही त्या दाण्यापाशी आलो.

वन्संनी रिळावरची उरलेली जर उलगडली, चार बोटं जास्तीची ठेवून कापली. ह्या वेलीला लागलेली ती पहिलीच कात्री. मोठ्या नेढ्याच्या सुईत टोक ओवलं. डाव्या हाताच्या नखाने शेवटचं वळण दाबून धरलं, जसं हे धरायचे. मी उजवा हात चौकटीखाली नेला आणि कापडाच्या पोटाशी बोटं लावून बसले. खालून काही दिसत नाही. वाट बघायची असते.

सुईचं टोक बोटाला टोचलं. मग सुई आली, तिच्यामागून जर.

‘घे,’ वन्सं म्हणाल्या.

तोच शब्द, तसाच, थोडा खालच्या पट्टीत. दोघांनी एकाच बापाकडून घेतलेला.

जर माझ्या बोटांत होती. थोडी खरखरीत, वन्संच्या हाताने ऊब आलेली. बाहेरच्या वळणावर ह्यांनी जी सुरू केली होती तीच ही, मध्ये कुठेही न कापलेली. ह्या टोकाला मी होते. मी म्हणायचं आणि वन्संनी सोडायचं, मग मी मागच्या बाजूला दोन टाके घालून टोक कापायचं, आणि झालं. ह्यांनी हातात घेतलेलं जगातलं शेवटचं काम झालं.

मी काही बोलले नाही.

वन्संनी ‘घेतलंस का’ म्हणून विचारलं नाही. सुजलेल्या बोटाचं नख वळणावर दाबून तशाच बसून राहिल्या. बोट पांढरं पडलं होतं. दुखत असणार. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर परत कापडावर ठेवली. मी म्हणेपर्यंत त्या संध्याकाळपर्यंतही सोडणार नव्हत्या.

त्या दुपारी ह्यांनी ‘घेऊन येतो’ म्हटलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

‘घेतलं,’ मी म्हणाले. मोठ्याने, सासऱ्यांना चालेल असं.

वन्संनी वरून हात सोडला. वळण जागचं हललं नाही.